शेवट शेठनं खाल्ला

अंगदचं लग्न जमणार म्हणजे जमणारच होतं, आणि तेही त्रिंबकअण्णांच्या धनश्रीशी! आता अण्णा म्हणजे गावचे पुढारी, दारात जीप, गोदावरीच्या काठाला ऊस. अंगदकडे शेळ्या. पण असल्या बारीकसारीक अडचणींना कादंबरीत कोण विचारतो? आणि अंगद सध्या कादंबरीतच राहायला गेला होता.

झालं होतं असं. तलवाड्याच्या वाचनालयात धनश्रीनं एक जाडजूड जुनी कादंबरी परत केली आणि अंगदनं ती तिच्या डोळ्यांदेखत त्याच पावली घरी आणली. शेळ्यांमागं फिरत फिरत वाचूनही काढली. गोष्टीतला कारकून गरीब, पोरगी जहागीरदाराची. कारकून होतं नव्हतं ते पणाला लावून अख्ख्या शहराला मेजवानी देतो. झुंबरं पेटतात, ती जिना उतरून खाली येते आणि थेट त्याच्याकडं चालत येते!

इथं अंगदचे डोळे आपोआप मिटले. तो तिला येताना बघत बसला, तेवढ्यात उरलेली पानं त्याच्या बोकडानं खाल्ली. बोकडाचं नाव शेठ. खाण्यापिण्याच्या बाबतीत तो नावाप्रमाणंच होता. अंगदला त्याचं काही वाईट वाटलं नाही, कारण पुढं लग्न होणार हे काय वाचायला लागतंय?

मग त्यानंही मेजवानी द्यायची ठरवली. पणाला लावायला घरात एक शेठच होता.

"शेठला कावून कापतोस रे?" आई चतुराबाई आडवी आली. "त्याला इकून तुज्या लग्नाचा खर्च भागवायचाय."

"माय, लग्नाचंच काम हाय," अंगद म्हणाला. त्याच्या तोंडावरचं तेज बघून चतुराबाईनं मुकाट्यानं मसाला वाटायला घेतला.

अण्णांच्या घरी खास निरोप गेला. बाभळीवर दिव्यांच्या माळा चढल्या. झुंबराची हौस बाभळीवर! रश्श्याचा वास सुटला आणि गाव लोटलं. पण दिवस होते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे, आणि त्या दिवसांत आमच्याकडं उगाच कुणी बोकड कापत नसतं. जो तो जेवून हात पुसत अंगदला बाजूला घेई, आपल्या घरातली सगळी मतं पक्की सांगे, वर चिन्ह कोणतं म्हणून विचारी. अंगदला त्यातलं अक्षर कळेना. तो आपला लाजून एवढंच म्हणे, "आधी अण्णांच्या घरचं काय ते होऊ द्या."

लोकांनी काय समजायचं ते समजलं. पहिली पंगत उठायच्या आत अण्णांकडं खबर गेली की अंगद त्यांच्या विरोधात उभा राहतोय, आणि गाव त्याच्या ताटावर बसलंय. अण्णा सहकुटुंब निघाले.

जीप थांबली. धनश्री पायरीवरून खाली उतरली आणि थेट अंगदकडं चालत आली! अंगदनं रश्श्याचा डाव तसाच पातेल्यात सोडला. आनंदानं त्याला रडूच यायचं बाकी होतं. एवढ्यात अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अंगदराव, काय पायजे ते मोकळ्यानं बोला."

राव! अंगदनं सदऱ्याला हात पुसले.

"मला हुंडाबिंडा न्हाई पायजे, अण्णा. निस्ती पोरगी द्या."

अण्णा त्याच्याकडं बघतच राहिले.

"म्हंजे तू निवडणुकीचा अर्ज भरत न्हाईस?"

"कसला अर्ज?"

अण्णांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की बाभळीवरच्या माळा हलल्या. रागावण्याएवढंही त्यांनी अंगदला मोजलं नाही. बाह्या सरसावल्या आणि सरळ पंगतीत जाऊन बसले.

धनश्री मात्र तिथंच उभी होती. बाभळीवरच्या माळा बघूनच तिला सगळं कळलं होतं.

"अंगददादा, त्या कादंबरीचा शेवट वाचला न्हाईस व्हय?"

दादा! अंगदनं मान हलवली.

"ती निस्ती जेवायला आलेली असती रे. तिचं लग्न कवाच ठरलेलं असतंय."

"आन तुजं?"

"माजंबी. गेवराईला."

अंगदनं हळूच विचारलं, "मग त्यो कारकून काय करतो?"

धनश्रीला खरंच वाईट वाटलं. ती उत्तर शोधत होती, तेवढ्यात तिकडून अण्णांनी रस्सा मागवला आणि चतुराबाईनं अंगदच्या हातात बादली दिली. तो पंगतीत वाढायला लागला.

त्या कादंबरीचा शेवट शेठच्या पोटात गेला होता, आणि शेठ साऱ्या गावाच्या. राहिला एकटा अंगद. वाढण्याच्या नादात त्याच्या ताटात काही पडलंच नव्हतं!