पेन चालून राह्यलं का

गडचिरोलीच्या त्या कॉलेजात मुली वर्गात आपापल्या एसटी गाडीप्रमाणे बसत. आरमोरीच्या गाडीने येणाऱ्या पुढे उजवीकडे, चामोर्शीच्या गाडीच्या डावीकडे, आणि धानोऱ्याकडच्या सगळ्यात शेवटी पोचत म्हणून मागे. सकाळी तासभर एकमेकींच्या मांडीवर पिशव्या ठेवून आलेल्या मुली वर्गात आल्यावर वेगळ्या कशाला बसतील? दिव्यानी होती मोहर्लीकडची आणि राहायची कॉलेजामागच्या होस्टेलात. तिला गाडीच नव्हती. बी.ए.ची दोन वर्षं ती अर्थशास्त्राच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसली. खिडकीतून सायकल स्टँड दिसायचा, आणि कुठली सायकल कुणाची हे तिला आता तोंडपाठ झालं होतं.

तिचं कुणाशी भांडण नव्हतं. भांडायलाही आधी कुणी बोलावं लागतं. आई फोनवर विचारायची, "मैत्रिनी भेटल्या काय वं?" तेव्हा ती हजेरीतली नावं सांगायची. "करिश्मा म्हनून एक हाये आरमोरीची. लई बोलते." हे खोटं नव्हतं. करिश्मा खरंच खूप बोलायची, फक्त दिव्यानीशी नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र एक आशा निर्माण झाली. प्रत्येकाने एक विशेष विषय घ्यायचा होता: कृषी अर्थशास्त्र, बँकिंग किंवा गणिती अर्थशास्त्र. विषय वेगळा म्हणजे खोली वेगळी, आणि नव्या खोलीत बाकांची वाटणी नव्याने होणार. दिव्यानीने ठरवलं, जिकडे गर्दी तिकडे आपण. कृषी असो की बँकिंग, तिला विषयाचं काही पडलं नव्हतं. तिला शेजारी माणूस हवं होतं.

नावं लिहायचा कागद विभागाचे शिपाई झिंगूभाऊ यांच्या टेबलावर होता. त्यावर तीन रकाने आखलेले, बाजूला सुतळीने बांधलेलं पेन आणि खाली सूचना: खाडाखोड चालणार नाही. दिव्यानी रोज दोनदा तिकडून चक्कर मारायची.

"झिंगूभाऊ, कोनी लिवलं काय?"

"कोनीच नाई."

अडचण अशी होती की अख्खा वर्ग दिव्यानीसारखाच हुशार निघाला होता. आरमोरीची गाडी चामोर्शीच्या गाडीची वाट पाहत होती, चामोर्शीची धानोऱ्याच्या, आणि मुलगे मुलींची. पाच दिवस कागद कोराच राहिला. सहावा दिवस शेवटचा, चार वाजेपर्यंतची मुदत. झिंगूभाऊंनी या कोऱ्या कागदावर बराच विचार करून एक निष्कर्ष काढला होता.

"पोरी, इकडे ये," दुपारी दिव्यानी दिसताच ते म्हणाले. "पाच दिस झाले, येकानं बी नाव लिवलं नाई. मले वाटते पेनच बिघडलं. माया चष्मा घरी राह्यला. जरा चालून राह्यलं का पाहून दे."

दोन वर्षांत कॉलेजात तिला कुणी एवढ्या आपुलकीने काम सांगितलं नव्हतं. तिने लगेच पेन उचललं. नुसती रेघ ओढली असती तरी भागलं असतं. पण पेन बघायचं म्हटलं की माणसाचा हात आपोआप स्वतःचं नाव लिहितो. कागदाच्या दोन रकान्यांवर झिंगूभाऊंचा जेवणाचा डबा होता, उघडा होता तो तिसरा. पेन उत्तम चालत होतं. गणिती अर्थशास्त्राच्या रकान्यात दिव्यानीचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, टपोऱ्या अक्षरात उमटलं.

झिंगूभाऊंनी डबा उचलला तेव्हा काय झालं ते तिला कळलं.

"झिंगूभाऊ, हे खोडू द्या ना."

"खाडाखोड चालत नाई, पोरी. नानाजी सरायची सही आन, मंग पाहू."

विभागप्रमुख नानाजी सर परीक्षेच्या बैठकीत होते. दिव्यानी दाराबाहेर उभी राहिली. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. गणिती अर्थशास्त्राला आजवर कुणी गेलं नव्हतं, त्या खोलीत कोपऱ्यात जुनी टेबलं रचलेली होती. आपण वर्षभर त्या टेबलांबरोबर बसतो आहोत असं तिला दिसायला लागलं, आणि डोळे भरून आले.

पावणेचारला सर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग कोनता पायजे तुले?"

"सर, सगळे कोनता घेतेत?"

"आपल्या भागात घरोघरी धान. सारे कृषीच घेतेत," सर म्हणाले. ते स्वतः कृषी शिकवत, त्यामुळे त्यांना दुसरं सुचणं अवघड होतं. त्यांनी तिच्याकडून विषय बदलाचा अर्ज लिहून घेतला आणि त्यावर लाल पेनाने सही केली. "बदल येकदाच होते बरं. पुना येऊ नको."

चारला पाच मिनिटं कमी असताना ती टेबलापाशी पोचली. कागद आता कोरा नव्हता. पहिला रकाना रिकामा, दुसरा रिकामा आणि तिसऱ्यात तिच्या नावाखाली अडतीस नावं. वर्गात एकूण होते एकोणचाळीस.

"हे कसं झालं, झिंगूभाऊ?"

"अवं, तू गेली अन् आरमोरीवाल्या आल्या," झिंगूभाऊ कौतुकाने सांगू लागले. "थे करिश्मा म्हने, हे पोरगी दोन वर्सं चुप हाये. चुप मानूस सारं पाहून राह्यते. हिनं घेतलं म्हंजे काई तरी असन. अकरा जनींनी येका दमात लिवलं. चामोर्शीवाल्यायनं अकरा नावं पाहली, त्यायनं बी लिवलं. मंग धानोऱ्यावाल्या. पोरायनं त वाचलं बी नाई."

बोलता बोलता त्यांनी तिच्या हातातला अर्ज घेतला, सरांची सही पाहिली आणि नियमाप्रमाणे दिव्यानीचं नाव कापून कृषीच्या रकान्यात लिहिलं. ती नको नको म्हणेपर्यंत चार वाजले होते.

सोमवारपासून तास सुरू झाले. पलीकडच्या खोलीत गणिती अर्थशास्त्राचे प्रफुल सर, ज्यांना नोकरीला लागल्यापासून एकही विद्यार्थी मिळाला नव्हता, त्यांनी आनंदाने स्वतः फळा धुतला आणि तो भरून टाकला. अलीकडच्या खोलीत चाळीस बाक, दिव्यानी आणि नानाजी सर. सर सवयीप्रमाणे हजेरी घेत. ती "हजर" म्हणे आणि सर वही मिटत. भिंतीपलीकडून अडतीस जणांचा गलका येई. तिला इतकं एकटं पूर्वी कधी वाटलं नव्हतं, कारण पूर्वी निदान तो गलका त्याच खोलीत असायचा.

दहाव्या दिवशी सरच कंटाळले.

"येकट्या पोरीले खोलीत काय शिकवू?" ते म्हणाले. "आज आरमोरीचा बाजार हाये. चाल, धानाचा भाव कसा ठरते थे तिथीच दाखोतो. मी तीनच्या गाडीनं घरी जातोच. साडेपाचच्या गाडीनं तू वापस ये."

दिव्यानी सरांच्या मागे आरमोरीच्या गाडीत चढली. सरांना पुढे जागा मिळाली. मागे त्या अकरा जणी बसल्या होत्या, पण नेहमीची बडबड नव्हती. करिश्माच्या मांडीवर वही उघडी होती आणि तिच्यात आकड्यांपेक्षा एक्स-वायसारखी अक्षरंच जास्त होती. दिव्यानी दांडा धरून उभी राहिली.

करिश्माने वर पाहिलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुले आधीच मालूम होतं ना? आमाले त्या गणितात घुसवलं अन् तू भाईर निंगाली."

दोन वर्षांत करिश्माने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"नाई वं. झिंगूभाऊनं पेन चालते का पाहाले सांगतलं. मी नाव लिवून पाहलं फक्त."

अकराच्या अकरा जणी हसल्या, एक तर डोळे पुसू लागली. दिव्यानी खरं बोलते आहे यावर एकीचाही विश्वास बसला नव्हता.

"लई पोचलेली हाये हे," करिश्मा म्हणाली. मग ती खिडकीकडे सरकली आणि दिव्यानीची पिशवी ओढून आपल्या मांडीवर घेतली. "ये इथी. अन् पुढच्या बारीनं पेन पाहाचं असन ना, त आमाले आधी सांगत जाय."