विल्फ आधी की स्टॅन?

क्रेग हॉवर्थने फॉर्म भरला, तोही स्वतःहून, इथेच सगळं चुकलं. घरातले कागद एरवी त्याची बायको, जोडी, बघते. पण जुळी मुलं पाच महिन्यांची झाली तरी दोघांना फिरवायची बाबागाडी अजून शेजारच्या लिंडाची उसनी, तेव्हा आपणही हातभार लावावा असं त्याला वाटलं.

नियम सरळ होता. मुलांसाठीची सरकारी मदत दोघांपुरती, आणि हॉवर्थांकडे दोन मुली आधीच होत्या. पण पुढच्या खेपेला जुळं झालं, तर त्यातल्या नंतर जन्मलेल्या बाळाला सूट. म्हणजे पहिलं बाळ तुमच्या हौसेचं, दुसरं नशिबाचं. 'आधी जन्मलेलं बाळ' या रकान्यात क्रेगने ठसठशीत लिहिलं, 'विल्फ', आणि जोडीने काढून ठेवलेले जन्मदाखले न वाचताच सोबत जोडले.

आठवड्याने रॉचडेलच्या सरकारी कचेरीतून दोघांना बोलावणं आलं.

"दाखल्यावर स्टॅन दुपारी चार दहाला, विल्फ चार सतराला," तिथल्या एन्टविसलबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "फॉर्मवर विल्फ आधी. सूट नेमकी कुणाला ते ठरेपर्यंत पैसे थांबलेत."

"दाखला चुकला असेल," क्रेग म्हणाला.

"तुम्ही हजर होतात?"

"हजर? अहो, हिचा हात धरून उभा होतो! विल्फ असा मूठ उगारून आला बाहेर. विचारा कुणालाही!"

कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. चिप्सच्या दुकानात, पबात, फुटबॉलच्या मैदानावर ही कहाणी पाच महिने चालू होती आणि विल्फची मूठ दर खेपेला थोडी मोठी होत होती. जोडी खिडकीबाहेर बघत राहिली.

"मग तसं लेखी द्या," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलच्या नोंदी मागवू, सुईणीचा जबाब घेऊ. तीन-चार महिने लागतील."

"तीन-चार महिने?" जोडी वळली. "लिंडाला शनिवारी बाबागाडी परत हवीय. दोघांना काय काखेत मारून फिरवू?"

क्रेगने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला दोन मिनिटं कमी होती. "मी जरा पार्किंगच्या मशीनमध्ये नाणी टाकून येतो. आलोच."

"बस खाली," जोडी म्हणाली. "मागच्या वेळीही हेच म्हणून गेला होतास."

क्रेग बसला. जोडीने पर्समधून एक चुरगळलेली, पुसट पावती काढून टेबलावर ठेवली. हॉस्पिटलच्या पार्किंगची, जुळं झालं त्याच दिवसाची. वेळ चार पंधरा.

"ही कुठे मिळाली तुला?"

"तुझ्या जाकिटाच्या खिशात. मोटारीच्या काचेला लावायचीसुद्धा विसरलास, शहाण्या."

क्रेगचे कान लाल झाले. "रांग होती गं. त्यात ते मेलं मशीन नाणी परत फेकत होतं. धावत वर आलो तर नर्सने विल्फला हातात दिलं. स्टॅनचं पडद्यामागे वजन चाललं होतं, मला वाटलं तो नंतरचा. आणि तू एवढी दमलेली. तुला कसं सांगणार, मी नव्हतो म्हणून?"

"मला कळलं नसेल? मी होते ना तिथे!"

एन्टविसलबाईंनी चहाचा कप तोंडासमोर धरला.

"मग पाच महिने गप्प का बसलीस?" क्रेगने हळूच विचारलं.

"सांगताना तुझा चेहरा किती फुलतो, बघितलायस कधी? शिवाय तुझ्या गोष्टीत मी एकदाही किंचाळत नाही. हात आईचा धरला होता मी. तिची बोटं अजून दुखतात."

क्रेगने पेन मागितलं, 'विल्फ' खोडून 'स्टॅन' लिहिलं आणि शेजारी सही केली. बाईंनी शिक्का मारला. सूट विल्फला. पैसे शुक्रवारपर्यंत सुटतील, म्हणजे शनिवारी बाबागाडी घेता येईल, असं त्या म्हणाल्या, तेव्हा जोडीने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

बाहेर येऊन बघतात तर त्यांच्या मोटारीच्या काचेवर पिवळं पाकीट. पार्किंगचा दंड, वेळ अकरा वाजून सहा मिनिटं.

"बघ!" क्रेगने कपाळावर हात मारला. "तेव्हाच जाऊ दिलं असतंस तर!"

जोडीने पाकीट उघडून वेळ नीट वाचली, घडी घातली आणि ते पर्समध्ये टाकलं.

"राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "या वेळी तू आत होतास, त्याचा पुरावा आहे हा."