बेताचं कुलूप

आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागातले निमसे आप्पा तुमच्या घरी आले, तर चहाआधी दाराकडे बघतील. कडी असताना वर कुलूपही दिसलं, की त्यांचा जीव खालीवर होतो. "एवढ्याला एवढं कुलूप? कडी पुरं की!" सोनईला त्यांच्या स्वतःच्या घरी कपाटाला सुतळी, आणि न्हाणीघराला कडीसुद्धा नाही. बाहेर चप्पल दिसली म्हणजे आत माणूस आहे, असं समजायचं. त्यांच्या घरच्या काकू म्हणतात, "पाव्हनं आले की मला लाजंनं मेल्यावानी हुतं."

कामातही हाच हट्ट. यंदा गाळप ऐन भरात असताना हुकूम आला, की उसाच्या वजनासोबत उसाची जातही नोंदवायची. म्हणजे डेटाबेसमधल्या वजनांच्या भल्यामोठ्या तक्त्याला नवा रकाना जोडायचा, आणि ते चालू असताना तक्त्याला कुलूप लागतं, म्हणजे नवं वजन लिहिता येत नाही. साहेब म्हणाले, "दुपारी दोन तास वजनकाटा बंद ठेवा." मी लगेच मान हलवली. आजवर तसंच करत आलो होतो.

आप्पा उठले. "कुलूप केवढं लागतंय ते बघितलं का? बाहेर बैलगाड्या हाईत, साहेब. काटा थांबनार न्हाई."

"थांबला तर जबाबदारी तुमची. लेखी द्या."

आप्पांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं.

त्यांनी कामाचे तुकडे पाडले. रिकामा रकाना जोडताना तक्त्याला मोठं कुलूप लागतं, म्हणजे तेव्हा तो कोणी वाचतही नसावं, पण ते क्षणभरच. ते लगेच मिळालं नाही तर दोन सेकंदांत माघार घ्यायची, कारण मोठं कुलूप मागणारा वाट बघत बसला की मागून येणारं प्रत्येक वजन त्याच्यामागे तुंबतं. मग जुन्या नोंदी थोड्याथोड्या भरायच्या, आणि एकाही नोंदीत जात कोरी नाही ना, हे हलक्या कुलपात तपासायचं. त्या वेळी नवी वजनं चालूच राहतात.

पहिल्यांदा माघार. दुसऱ्यांदा माघार. तक्ता कोणी अडवलाय याची यादी आप्पांनी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी त्याच तक्त्यावरचा सकाळचा अहवाल अर्धवट चालू ठेवून चहाला गेलो होतो!

"लेका, तूच दारात पाय घालून बसलाय व्हय?"

मी धावत जाऊन अहवाल बंद केला. तिसऱ्यांदा रकाना चटकन जोडला गेला. खिडकीबाहेर गाड्या काट्यावर चढत होत्या, उतरत होत्या. संध्याकाळपर्यंत जुन्या नोंदी भरून तपासूनही झाल्या आणि एकही गाडी खोळंबली नाही. मी टेबलावर थाप मारून ओरडलो. साहेबांनी आप्पांचा तो कागद सर्वांसमोर फाडला आणि पेढे मागवले.

आप्पा मात्र जागेवर नव्हते. पेढा घेऊन शोधत गेलो, तर ते बाहेर गाड्यांच्या रांगेत एका बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत होते.

"आमचे वडील ह्याच रांगेत गाडी घिऊन उभे असायचे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एक दिस काटा बंद ठिवला. गाडी सोडायला जागा न्हाई, वर ऊन. आमचा हौशा बैल जुवाखालीच बसला, तो परत उठलाच न्हाई."

मी पेढा पुढे केला. आप्पांनी तो घेतला आणि बैलाच्या तोंडाशी धरला.

"खा," ते म्हणाले. "चल आता, तुझा नंबर आला."