जानरावांची पायपीट

समतानं वडिलांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि पुण्याच्या गाडीत चढता चढता दम भरला, "बाबा, रोज चालायचं. तुमची पावलं मला माझ्या मोबाइलवर दिसतात. चालला नाहीत तर सरळ पुण्याला घेऊन जाईन."

पुण्याचं नाव काढताच जानरावांनी घाईघाईनं मान डोलावली. तिथं लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात पत्ते खेळायला कोण होतं? इकडे लोणारात भगवानरावांच्या सायकलच्या दुकानामागं रोज डाव रंगायचा. चालण्याशी मात्र त्यांचं पहिल्यापासूनच वाकडं होतं.

एक दिवस आंघोळीला जाताना त्यांनी घड्याळ बायकोकडे दिलं. जनकाबाईंनी ते सहज हातात घातलं आणि त्या भाकरी थापायला बसल्या. जानराव अंग पुसत येऊन पाहतात तो काय, पावलं भराभर वाढलेली! थापटीसरशी एक पाऊल!

"जनके, तूच घालून ठेव बाप्पा. मले खाज सुटते त्याची."

घड्याळ चुलीपाशी चालू लागलं आणि जानराव पत्त्यांपाशी निवांत बसू लागले. "बाबा, कमाल केलीत!" समता फोनवर म्हणायची. बाबा दमल्यासारखं करून "हाव" म्हणायचे.

मग विहारात भोजनदान ठरलं. जनकाबाई सकाळपासून परातीपुढून हलल्या नाहीत. दुपारी समतानं आकडा पाहिला आणि ती हादरलीच. एवढ्या पावलांत माणूस लोणारातून निघून पार सुलतानपूर गावाच्या पुढं जातो! बाबा भर उन्हात भरकटले की काय? त्यांचा फोन घरीच, तोही आवाज बंद करून ठेवलेला. तिनं शेजारच्या प्रसेनजितला पिटाळलं. तो मोटारसायकलच्या चाकात हवा भरायला भगवानरावांकडे थांबला, तर दुकानामागून आरोळी आली, "हाण बे एक्का!"

"काका, तुमी इथं? समताताई म्हन्ते, तुमी सुलतानपूरच्या पल्याड गेले!"

"मंग, पोचलो का?" जानरावांनी हातातले पत्ते न सोडता विचारलं.

दुसऱ्या दिवशी समता दारात हजर. सगळं ऐकून ती रागावली नाही. आईच्या मनगटावरचा आकडा बघत बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, तुम्ही राहा इथंच. पुण्याला आई येईल. जरा आराम करू दे तिला."

जानरावांचा चेहरा पडला. पत्ते होते, भगवानराव होते, पण भाकर? "मले बी ने ना वं," ते काकुळतीला आले.

जनकाबाईंनी पिशवी भरता भरता मान वर केली. "तुमी या मांगून पायी. सुलतानपूरपर्यंत तं चालून झालंच हाय तुमचं."