काढून ठेवलेल्या चिठ्ठ्या

भिंगकाकांनी केस कापायच्या खुर्चीत बसल्या बसल्या घरी फोन केला, आणि पुढचं सगळं त्या एका फोनमुळे झालं.

भिंगकाका म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त मीटर तपासनीस. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग फक्त आंघोळीपुरतं उतरायचं, म्हणून ऑफिसात हे नाव पडलं आणि गल्लीनेही उचललं. मीटरचे आकडे वाचून झाले की काका दगड वाचायचे. साधेसुधे नव्हेत, फ्लोराइटचे स्फटिक. जुन्या काळी शिशासाठी डोंगर पोखरणाऱ्यांनी कचरा म्हणून बाहेर फेकलेला हा माल. हिरवा, जांभळा, मधाच्या रंगाचा, आणि कोपरे इतके नेमके की सुतारानेही मान डोलवावी. सुट्टी मिळाली की काका त्या जुन्या खाणींच्या डोंगरात. तीस वर्षांत सदतीस दगड घरी आले. कमी वाटतील, पण उगाच उचललेला त्यात एकही नव्हता.

आज अकरा वाजता संग्रहालयातल्या बाई ते पाहायला येणार होत्या. पसंत पडले तर काकांच्या दगडांना तिथे एक अख्खं कपाट मिळणार होतं. अट एकच, प्रत्येक दगडाची खाण पक्की ठाऊक हवी. खाण हरवलेला दगड कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या लायकीचा, असं या लोकांचं शास्त्र सांगतं. आपल्यामागे हे दगड कुंडीत जाऊन बसतील या धास्तीने काकांना वर्षभर धड झोप नव्हती. म्हणून तर जुन्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्यांच्या जागी चिकटवायला त्यांनी सुवाच्य अक्षरात नव्या चिठ्ठ्या लिहून टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या. त्या आता, अर्धं डोकं कापून झाल्यावर, त्यांना आठवल्या.

फोन जावयांनी उचलला. ते दोन दिवस मुक्कामाला आले होते. नोकरी सरकारी अभिलेख कार्यालयात. सुटा कागद दिसला की या माणसाचे हात शिवशिवायचे.

"जावईबापू, दगडांच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढून ठेवा."

"सगळ्या, बाबा?"

"सगळ्या. एकही राहायला नको."

"तुम्ही निर्धास्त या."

काका निर्धास्त आले. टेबलावर सदतीस दगड रंगांप्रमाणे रांगेत मांडलेले होते आणि नुसते झळकत होते. शेजारी पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, त्याला टाचणी.

"ह्या... ह्या दगडांवर होत्या ना?"

"हो. काढून ठेवल्या. एकही फाटली नाही. अकारविल्हे लावल्यात, 'आंधळा बोगदा' सगळ्यात वर."

"आणि दगड?"

"डिंकाचे डाग राहिले होते, म्हणून धुतले."

"गरम पाण्यात?" काकांचा आवाज चिरकला. एकदम गरम पाणी लागलं की फ्लोराइट तडकतो.

"छे! गार पाण्यात. दाढीच्या ब्रशने."

"कोणाच्या?"

"तुमच्याच. फार मऊ आहे हो, बाबा."

दुसरा कोणी असता तर काकांनी त्याला उभा-आडवा धुतला असता. पण समोर जावई, तोही शाबासकीची वाट बघत उभा. काका "छान" म्हणाले. मग नोंदवही उघडली. मीटर वाचणाऱ्याची वही ती. "हिरवा, चौकोनी." पुढच्या ओळीत, "हिरवा, चौकोनी, मोठा."

भिंग डोळ्याला लावून त्यांनी बावीस दगड भराभर ओळखले. घोडं अडलं ते हिरव्यांपाशी. पंधराचे पंधरा एका आईच्या लेकरांसारखे. तेवढ्यात दारात बाई हजर.

बाई दगडांपुढे वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "काका, असे कोपरे शाबूत राहिलेले मी फार थोडे पाहिलेत. हा हिरवा कुठला?"

काकांनी भिंग आधी हिरव्यावर धरलं, मग नोंदवहीवर.

"सात शिड्यांच्या खाणीतला," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या आणि हात पुसत बाहेर आल्या. तीस वर्षं त्या या वस्तूंना "तुमचे ते दगड" म्हणत आल्या होत्या. "माझ्या धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला आम्ही उशिरा पोचलो, तो यापायी. मी खाणीच्या तोंडाशी नव्या साडीत दोन तास बसून होते."

काका बघतच राहिले. काकूंनी पुढचा दगड उचलला.

"हा बुडक्या खाणीतला. माझी छत्री तिथे राहिली. हाही तिथलाच, छत्री आणायला हे परत गेले आणि छत्रीऐवजी हा घेऊन आले. हा आंधळ्या बोगद्यातला, माझ्या मफलरमध्ये गुंडाळून आणला. मफलर गेला तो गेलाच."

बाईंच्या पिशवीत एक खास दिवा होता. त्याच्या उजेडात बुडक्या खाणीतले दगड निळे पेटतात, बाकीचे नाहीत. पण त्याला अंधार लागतो, म्हणून चौघांनी डोक्यावरून टेबलाची चादर ओढून घेतली. दगड निळा पेटला आणि चादरीखालून बाईंचा आवाज आला, "बरोबर!" पुढचाही पेटला. बोगद्यातला पेटला नाही. तेही बरोबर.

काकूंनी तक्रारींचा पाढा वाचायचा, बाईंनी दिवा धरायचा आणि जावयांनी गठ्ठ्यातली चिठ्ठी अचूक उपसायची, असं चौदा वेळा झालं. एकही चुकली नाही. ज्या बायकोने आयुष्यभर दगडांकडे पाठ फिरवली असं काका समजत होते, तिला त्यांची खडान्‌खडा माहिती होती. काकांना अभिमानाने भरून आलं, आणि छत्रीची थोडी लाजही वाटली.

शेवटचा हिरवा दगड उरला, आणि एकच चिठ्ठी. "खालची खाण," जावयांनी वाचली. "म्हणजे बाबा दोराला लटकून उतरले होते ती!"

ती गोष्ट सगळ्या ऑफिसला पाठ होती. काकूंनी दगड काकांपुढे सरकवला. "याचं तुम्हीच सांगा."

काकांनी बाईंकडे पाहिलं, मग रिकाम्या होत चाललेल्या टाचणीकडे. खोट्या ठिकाणाची चिठ्ठी लावण्याएवढं मोठं पाप त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

"मी उतरलो नव्हतो," ते म्हणाले. "हिला ताप होता. लॉजच्या खोलीत बसून राहिलो. निघताना खालच्या दुकानातून हा घेतला. खाण कुठली, देव जाणे. ऑफिसात काय सांगणार, म्हणून दोर... आणि हिला सांगितलं की तू झोपलीस तेव्हा जाऊन आलो."

"झोपले कुठे होते?" काकू म्हणाल्या. "नुसते डोळे मिटले होते. रात्रभर माझ्या कपाळावरची ओली घडी बदलत होतात. बाकी सगळ्या खाणींबाहेर मला बसवून आत गेलात. या एका खाणीत नाही गेलात."

बाईंनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ. "काका, एवढं खरं सांगणाऱ्या माणसाच्या बाकी छत्तीस चिठ्ठ्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवते. कपाट तुमचं. हा एक मात्र मला नेता यायचा नाही."

"तुम्हाला देतंय कोण?" काकूंनी दगड पदरात घेतला. "जावईबापू, ती 'खालची खाण' काढून टाका, आणि हा तेवढा मला काढून ठेवा."

जावयांनी पुढे केलेले दोन्ही हात पटकन मागे घेतले.

"आई," ते म्हणाले, "काढून ठेवा म्हणजे नक्की काय करायचं, तेवढं आधी सांगा."