दगडोबांची मिशी आणि घोड्याचं घर

सोनाजीच्या सलूनमध्ये रविवारी दाढीला बसू नये, हे वारंगा फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाचं कोडं यायचं आणि ते सुटेपर्यंत सोनाजीला गिऱ्हाईक दिसत नसे. पण दगडोबांचा नाइलाज होता. लेकीची, कोमलची सोयरीक पक्की करायला जवळा बाजारला जायचं होतं आणि बाहेर जीपमध्ये त्यांच्या बायको मंजुळाबाई ताटकळत होत्या.

"दाढी घोटून कर. मिशी नुसती कडंनं कोर," असं सांगून दगडोबांनी डोळे मिटले. तिथेच चुकलं.

आरशाखाली पट मांडलेला होता. पांढऱ्याने तीन चालींत मात करायची होती. बाकावरून विश्वंभर गुरुजी म्हणाले, "सोपं हाय. प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याचा वजीर करायचा."

"काहून वजीर? प्यादं घोड्याच्या घरात पोचलं तर घोडाच होते. आमी आज्यापासून असंच खेळून राहिलो."

"ते आपलं देशी, सोनाजी. पेपरात विलायती चालते. वजीर मिळत असताना घोडा कोण घेईल?"

"पर घोड्याची चाल तर बघा, गुरुजी. अशी अडीच घरं..."

सोनाजीचा हात दोन घरं सरळ गेला आणि आडवा वळला. हातात वस्तरा होता. वळणावर दगडोबांची मिशी होती. अर्धी टॉवेलवर पडली. उरलेली अर्धी ठेवून सोयरिकीला जाणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तीही गेली.

"अवो, घरात कोणी वारल्यावर मिशी काढतेत," मंजुळाबाईंनी कपाळावर हात मारला. "सुतकात कोण सोयरीक करते?"

दगडोबा रस्ताभर तोंडाला उपरणं लावून बसले. कोमलच्या मनासारखं हे पहिलंच स्थळ होतं आणि ते आपल्या तोंडामुळे जाणार, या विचाराने त्यांचा जीव अर्धा झाला.

नवऱ्यामुलाचे वडील शेषराव झुबकेदार मिशीचे. उपरणं खाली येताच त्यांनी चहाची बशी ठेवली. "कोण गेलं? आज राहू द्या मंग. सुतक फिटल्यावर बोलू."

दगडोबांना खोटं सुचेना. "कोणी गेलं न्हाई, पाव्हणे. न्हावी प्याद्याचा घोडा करून राहिला होता."

मग शेषरावांनी गादीखालून तीच पुरवणी काढली.

"घोडा? मी सकाळपासून वजीरच करून राहिलो. वजीर केला की काळ्या राजाला शह न्हाई, पर हलायला जागाबी न्हाई, डाव बरोबरीत."

पट आला. घोडा बसला. तिसऱ्या चालीला मात झाली. शेषरावांनी आत हाक मारून साखर मागवली आणि दगडोबांच्या तोंडात स्वतःच्या हाताने घातली.

"असा न्हावी तालुक्यात नसंल," ते मिशीला पीळ देत म्हणाले. "एका रविवारी मलाबी त्याच्याकडं न्या."

दगडोबा त्या मिशीकडे बघतच राहिले. शेवटी मंजुळाबाईंनीच पदर सावरला.

"नेतील की. पर लग्न लागल्यावर."