सदलग्याची व्हॅन आणि त्रेचाळीस प्रश्न

बेळगावातल्या वडगावचा साईनाथ एका लग्नाला निघाला आणि घरातली सात माणसं एकाच रिक्षात बसली, तिथून हे सगळं सुरू झालं. रिक्षा धाकट्या भावाची, अमृतची. पुढं अमृत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साईनाथच्या दोन पोरी. मागं आई बायाक्का, काकू अक्काताई, बायको मंजुश्री आणि मंजुश्रीच्या मांडीवर आहेराचा कुकर. साईनाथ कुठं बसला होता हे नीटसं कुणालाच आठवत नाही. पण लग्नात उतरला तेव्हा त्याच्या शर्टावर रिक्षाच्या मीटरचा छाप होता.

"आता व्हॅन घ्यायची," त्यानं रात्री जाहीर केलं. "सात शीटची. जुनी, पण भरवशाची."

मंजुश्री साड्यांच्या घड्या घालत होती. (घरात दोन पॉवरलूम. साईनाथ विणतो आणि मंजुश्री विकते. त्यामुळं घरात पैसा येतो तो मंजुश्रीमुळं, असं मंजुश्रीचं मत आहे. आवाज येतो तो साईनाथमुळं.)

"मागं जुना फ्रिज आणलासा," ती मान वर न करता म्हणाली.

तो फ्रिज आतून गरम व्हायचा. बायाक्का त्यात दही लावायची. दही फार छान लागायचं, हे साईनाथ आजही सांगतो, पण कुणी विचारलं तरच.

"ह्या टायमाला फसलासा," मंजुश्रीनं घडी थापटली, "तर घरातला एकबी व्यवहार तुमी करायचा न्हाय. धागा आणायचा न्हाय, गॅस बुक करायचा न्हाय, पोरींची शाळा ठरवायची न्हाय. सगळं माझ्या हातात. कबूल?"

"कबूल," साईनाथ म्हणाला. पण आतून हादरला. एकूण तीनच गोष्टी त्याच्या हातात होत्या आणि तिनं तिन्ही मोजून दाखवल्या होत्या.

दोन आठवड्यांनी रविवारी मंजुश्रीच्या माहेरी, कणकुंबीला नव्या घराची घरभरणी होती. तोवर व्हॅन दारात पाहिजे.

साईनाथ कामाला लागला. मोबाईलवर त्यानं जुन्या गाड्यांचे पन्नासेक व्हिडिओ बघितले आणि माणसांवरचा त्याचा उरलासुरला विश्वास उडाला. रंगाखाली पुट्टी भरलेली असते, ती लोहचुंबकानं ओळखावी. सायलेन्सरजवळ पांढरा कागद धरावा. शिटांचा वास घ्यावा. विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघत प्रश्न विचारावेत. त्यानं वहीत त्रेचाळीस प्रश्न काढले आणि लोहचुंबक खिशात टाकला. (दोन दिवस त्याच्या खिशाला स्कूटरची किल्ली चिकटून बसली. ती चोरीला गेली म्हणून त्यानं गल्लीतल्या तीन माणसांवर संशय घेतला.)

बेळगावात त्यानं अकरा व्हॅन बघितल्या. अकराच्या अकरा आधी डॉक्टर वापरत होते.

"डॉक्टरांची हाय, साहेब. नुसती दवाखाना टू घर," प्रत्येक जण सांगायचा.

साईनाथनं विचार केला. एवढे डॉक्टर गाड्या विकायला लागले, म्हणजे एक तर गाड्या वाईट, नाही तर गाव निरोगी. गाव निरोगी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एका मालकानं चहा दिला, तर साईनाथ तिथूनच उठला. बिनकामाचा चहा कोण देतो? दुसऱ्यानं चहा दिला नाही. हा असा कसा माणूस, म्हणून तिथूनही उठला.

शेवटी निपाणीच्या एका साडीवाल्यानं सांगितलं, सदलग्यात सोनुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या दारात व्हॅन उभी आहे. साईनाथ अमृतला घेऊन गेला. दारावर पाटी होती: 'व्हॅन विकणे आहे. मागचे डावे दार अडते.'

साईनाथ पाटीसमोर पाच मिनिटं उभा राहिला.

"अण्णा, आत चल की," अमृत म्हणाला.

"थांब. हिनं दाराचं आधीच का सांगितलं? बारकं सांगून मोठं दडवायलीय."

सोनुबाई बाहेर आली. सत्तरीची, ताठ, चष्म्याच्या वरून बघणारी. साईनाथनं वही उघडली.

"आक्का, गाडी का इकताय?"

"चालवणारं कोण न्हाय. पोरगा बेंगळूरला गेला."

"का गेला?"

"नोकरी लागली."

"नोकरी का लागली?"

"शिकला म्हणून," सोनुबाई धाकट्या भावाशी बोलावं तशी म्हणाली. "तू शिकलायस काय, तम्मा?"

अमृत खोकला. साईनाथनं तीन प्रश्नांपुढं बरोबरच्या खुणा केल्या आणि विणकराला शोभेल असं पुढचं काम केलं. साडी पारखायची तर उलटी बाजू बघतात; काठाचे धागे तिथं खरं बोलतात. तो सरळ गाडीखाली उताणा शिरला. खालनं गाडी स्वच्छ होती. गंज नाही, तेल नाही, जोड नाही.

"काय हाय?" अमृतनं वाकून विचारलं.

"कायच न्हाय," साईनाथ खालून गंभीरपणे म्हणाला. "म्हणूनच संशय येतोय."

लोहचुंबक सगळीकडं चिकटला. पांढरा कागद पांढराच राहिला. ट्रायलला अमृतनं गाडी चिकोडीपर्यंत नेऊन आणली. गाडी एकदाही थांबली नाही. साईनाथचा जीव कासावीस झाला. इतकी चांगली गाडी त्यानं उभ्या आयुष्यात बघितली नव्हती आणि अशी गाडी आपल्याला मिळते म्हणजे यात काहीतरी आहेच. तो आणखी दोनदा सदलग्याला गेला. एकदा न सांगता गेला. म्हातारी गाडी पुसत होती. कुणी बघत नसताना गाडी पुसणारी बाई खोटी असणार कशी, असं अमृतचं म्हणणं पडलं. कुणी बघतंय हे तिला कळलं असणार, असं साईनाथचं.

प्रश्न सोनुबाईही विचारत होती. घरात माणसं किती? पावसात उभी कुठं करणार? वर पत्रा आहे का? गाडीवर ओरडायची सवय आहे का कुणाला?

"गाडीवर कशाला ओरडंल कोण?" साईनाथ म्हणाला.

"तुझ्या तोंडावरनं वाटलं," सोनुबाई म्हणाली.

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्रश्नांची उत्तरं मिळाली. व्यवहार ठरला. गुरुवारी गाडी न्यायला साईनाथनं अख्खं घर सदलग्याला नेलं, एसटीनं. येताना सगळे व्हॅनमधून येणार होते. पण खरं कारण वेगळं होतं. त्याला साक्षीदार पाहिजे होते.

कागदांवर सह्या झाल्या. पैसे पोचल्याचं सोनुबाईनं मोबाईलवर तीनदा बघितलं. मग तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटवरून हात फिरवून डोळे पुसले. बायाक्काच्याही डोळ्यांत पाणी आलं. साईनाथलाही भरून आलं. त्यानं हात पुढं केला.

"आक्का, किल्ली?"

सोनुबाईनं किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीची नाडी ओढली.

"ती देत न्हाय, तम्मा."

साईनाथ हसला. म्हातारी हसली नाही.

"म्हंजे?"

"जनावर इकताना दावं देतात व्हय? दावं दिलं की जनावराच्या मागनं घरची लक्ष्मीबी जाती. म्हस इकली, दावं ठेवलं. बैलं इकली, दावी ठेवली. ते बघ, खुंटीला हायत. आता ही गाडी. तुझं दावं तू आणायचं."

"आक्का, गाडी हाय ती! म्हस न्हाय!"

"म्हशीला तर मी ओवाळलंबी नव्हतं," सोनुबाई म्हणाली.

साईनाथ साक्षीदारांकडं वळला. "आये, तू तरी सांग की गं!"

"काय सांगू?" बायाक्का पदर सावरत म्हणाली. "बरोबर हाय तिचं. तुझ्या आज्ज्यानं खोंड इकला तवा दावं काढून घेतलं हुतं. गिऱ्हाईक खोंडाला मिठी मारून घेऊन गेलं."

"दुसरी किल्ली असंल की. डुप्लिकेट!"

"हाय," सोनुबाई म्हणाली. "ते दुसरं दावं."

मंजुश्री शांतपणे म्हणाली, "अवो, त्रेचाळीस प्रश्न इचारलासा न्हवं?"

"व्हय."

"त्यात हे न्हवतं?"

कोणत्या व्हिडिओत हे सांगितलं होतं? साईनाथनं तरी वही चाळून बघितली. 'स्टेपनी देणार का' होतं. 'जॅक देणार का' होतं. 'पायपुसणी देणार का' याखाली दोन रेघा होत्या.

"नको असंल तर ऱ्हाऊ दे," सोनुबाई म्हणाली. "पैसे परत देतो."

"कुंकू लावलेली गाडी परत देतात व्हय?" बायाक्का आणि अक्काताई एका सुरात ओरडल्या.

अमृतनं फोन करून निपाणीहून किल्लीवाला बोलावला. तो तासाभरानं पेटी घेऊन आला.

"किल्ली हरवली?"

"न्हाय," साईनाथ म्हणाला.

"मग कुठं हाय?"

"ह्या आक्कांच्या कमरेला."

किल्लीवाल्यानं सोनुबाईकडं बघितलं, मग साईनाथकडं, मग साईनाथच्या खिशातून डोकावणाऱ्या लोहचुंबकाकडं. पेटी उघडायच्या आधी त्यानं साईनाथचं आधार कार्ड मागितलं आणि त्याचा फोटो काढून घेतला. तोवर निम्मी गल्ली जमली होती. गर्दी बघून एक कॉन्स्टेबल मोटरसायकल लावून आला.

"येन नडदैत इल्ली?" त्यानं कन्नडमधून विचारलं, इथं काय चाललंय म्हणून. मग गर्दीचा अंदाज घेऊन मराठीवर आला. "गाडी कुणाची?"

"माझी," साईनाथ म्हणाला.

"किल्ली?"

"त्यांच्याकडं."

कॉन्स्टेबल सोनुबाईकडं वळला. "आक्का, ह्यांनी किल्ली मागितली तुमाला?"

"मागितली."

"तुमी दिलासा?"

"न्हाय दिली."

"मग ह्यांनी किल्लीवाला आणला?"

"आणला की."

शब्द न् शब्द खरा होता. साईनाथला पहिल्यांदाच कळलं, खरं बोलणारी माणसं किती धोक्याची असतात. त्यानं कागद दाखवले. कॉन्स्टेबलनं ते आधी उलट्या बाजूनं बघितले, मग उजेडात धरले, मग सही नखानं खरवडली. ही तपासायची रीत साईनाथला ओळखीची वाटली आणि अजिबात आवडली नाही.

तेवढ्यात किल्लीवाला म्हणाला, "हिच्या किल्लीत चिप हाय. नुसती कापून गाडी चालू हुत न्हाय. मागवायला लागंल. धा दिवस."

दहा दिवस. घरभरणी तीन दिवसांवर. साईनाथ लिंबाशेजारी खाली बसला.

मंजुश्री उठली. ती सोनुबाईजवळ गेली, गुडघ्याला हात लावून बसली आणि म्हणाली, "आक्का, किल्ली देऊ नगा. बरोबरच हाय तुमचं. पण तुमी आला तर किल्ली येतीच की. चला आमच्यासंगं. धा दिवस ऱ्हावा. गाडीचं घर बघा, पत्रा बघा. रविवारी कणकुंबीला जेवायला चला."

सोनुबाईनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. इतके दिवस ती ज्या माणसाची वाट बघत होती ते आत्ता आल्यासारखं.

"ह्या पोरीनंच गाडी बघायला यायला पायजे हुतं," ती म्हणाली. "एका दिवसात व्यवहार झाला असता. लुगडी घेऊन येतो, थांबा."

"आणि नवी किल्ली आली की ती माझ्याकडं," मंजुश्री साईनाथला म्हणाली. "गॅसचं पुस्तकबी."

अमृत चालवायला बसला. सोनुबाई पुढं, कारण किल्ली तिनंच लावायची आणि तिनंच काढायची. बाकीचे मागं शिरले. साईनाथनं डावं दार धरलं. ते अडत होतं, पाटीवर लिहिल्याप्रमाणे.

"ए, किती झाले?" कॉन्स्टेबलनं मोजायला सुरुवात केली. "शीट सात. माणसं आठ. एक जण उतरायचं."

गाडीतल्या सातही जणांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर साईनाथ एकटाच होता, त्यामुळं उतरवायची तसदी कुणाला पडली नाही.

रविवारी कणकुंबीलाही तसंच झालं. व्हॅन घाटातून वाऱ्यासारखी गेली, साईनाथ जांबोटीत बस बदलून दुपारी दोनला पोचला. पहिली पंगत उठली होती. मांडवाशेजारी व्हॅन उभी होती आणि मंजुश्रीचं सगळं माहेर तिच्याभोवती कौतुक करत होतं. सोनुबाई खुर्चीवर बसून मालकिणीसारखी उत्तरं देत होती. साईनाथ हरखून पुढं गेला. शेवटी गाडी आपलीच. त्यानं रुमालानं काचेवरची धूळ पुसली आणि पुढच्या दाराला हात घातला.

"ए, हात काढ!" मंजुश्रीचा थोरला चुलता खेकसला, त्याला लांबचं दिसत नव्हतं. "आक्का, ह्यो कोण तुमच्या गाडीला हात लावायलाय?"

"असू दे, असू दे," सोनुबाई म्हणाली. "आमच्यातलाच हाय."

"मग तुमच्यासंगं गाडीतनं का आला न्हाय?"

सोनुबाईनं चष्म्यावरून साईनाथला नखशिखांत न्याहाळलं आणि आवाज थोडा खाली आणला. (थोडाच; साईनाथला व्यवस्थित ऐकू आलं.)

"गाडीचं काय न्हाय, लई भरवशाची हाय. ह्याचं अजून ट्रायल चालू हाय."